कुलवृत्तांत आणि माहेरचें नांव

मराठींत ज्या पुस्तकांना टीकाकार कधीं हात लावीत नाहींत, परंतु घरांतलीं माणसें ज्यांना सहसा रद्दींत घालीत नाहींत, अशा पुस्तकांत कुलवृत्तांताचा क्रम बराच वर लागेल. जाड पुठ्ठ्याचें, चार-पांचशें पानांचें हें पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर असतें. घरांत एखादें कार्य निघालें, किंवा परगांवचा कोणी भाऊबंद आला, कीं तें खालीं उतरतें. ज्याचें तो आपलें नांव असलेलें पान काढतो, आजोबांच्या जन्मसालाबद्दल थोडा वाद होतो, आणि पुस्तक पुन्हां फळीवर जातें. तें वाचीत कोणी नाहीं. दोन दिवसांत विस्मृतींत जाणाऱ्या कवितासंग्रहावर मासिकांतून चार-चार पानें खर्ची पडतात. पण शेंकडों कुटुंबांनीं वर्गणी काढून, वर्षानुवर्षें पत्रव्यवहार करून जो ग्रंथ सिद्ध केला, त्याचें परीक्षण करावें असें कोणास वाटत नाहीं. तें वाङ्मय नव्हे, ती यादी आहे, असें याचें कारण सांगण्यांत येतें. मला तें पटत नाहीं. यादीलाहि गुणदोष असतात. आणि यादींत कोण आहे यापेक्षां कोण नाहीं हें पाहिलें म्हणजे ती करणारांचें मन अधिक कळतें.

कुलवृत्तांताचा सांचा ठरलेला आहे. आरंभीं कुळाची उत्पत्ति, गोत्र, प्रवर, कुलदैवत. कुळ कोंकणस्थ असेल तर परशुरामाची कथा. मग मूळ गांव आणि तेथून कोण केव्हां घाटावर आलें त्याची हकीकत. मग गांवोगांवच्या घराण्यांच्या वंशावळी. आणि शेवटीं अनुक्रमांकानें एकेका पुरुषाचें टिपण. त्यांत जन्म, शिक्षण, धंदा, पत्नी, अपत्यें. पहिला भाग पुष्कळदां एका पुस्तकांतून दुसऱ्यांत उतरलेला असतो. तो सोडून दिला तरी चालेल. शेवटचीं टिपणें मात्र मोलाचीं. पेशवाई बुडाल्यावर भिक्षुकीवर राहिलेलीं घरें केव्हां सरकारी नोकरींत शिरलीं, आगगाडीच्या पाठोपाठ माणसें कोठकोठें पांगलीं, १८९६ नंतरच्या प्लेगांत एकाच घरांतलीं किती नांवें एकाच सालीं संपलीं, हें त्या तुटक ओळींतून जसें डोळ्यांपुढें उभें राहतें तसें मोठमोठ्या इतिहासग्रंथांतूनहि राहत नाहीं.

हें काम एकट्या माणसाच्यानें होत नाहीं. एखाद्या कुळाचें मंडळ, किंवा एकाच गांवांतल्या निरनिराळ्या कुळांतील हौशी लोकांनीं चालविलेलें अभ्यासमंडळ, असें कांहीं तरी पाठीशीं लागतें. अशा मंडळांच्या बैठकी मीं बऱ्याच पाहिल्या आहेत. सुटीच्या दिवशीं शाळेच्या वर्गांत किंवा कोणाच्या माडीवर दहा-पंधरा माणसें जमतात. त्यांत सेवानिवृत्तांचा भरणा अधिक. कोणी मोडीचे वळसे फळ्यावर काढून दाखवितो, कोणी मुसलमानी सनाचें इंग्रजी साल काढून देतो, आणि नवा सभासद आपल्या पूर्वजांचा पराक्रम सांगूं लागला कीं एखादे वयस्कर गृहस्थ शांतपणें विचारतात, "कशावरून?" माझ्या मतें अशा मंडळाचें सारें शिक्षण या एका शब्दांत आहे. इतिहासाचा पदवीधर जें तीन वर्षांत शिकतोच असें नाहीं, तें येथें एखाद्या जुन्या पोस्टमास्तरास सहा महिन्यांत येतें.

येतें, कारण अडचणी खऱ्या असतात. आपल्याकडे आजोबाचें नांव नातवाला ठेवण्याची चाल. त्यामुळें एका घराण्यांत महादेव-गणेश, गणेश-महादेव अशी फुगडी शंभर-दीडशें वर्षें चालते, आणि दोन निराळ्या माणसांचा एक माणूस करण्याचा मोह प्रत्येक नवशिक्याला होतो. पेशव्यांचेंच घराणें घ्या. बाळाजी विश्वनाथाच्या थोरल्या मुलाचें नांव आजोबाचें, म्हणजे विसाजी. आपण त्याला ओळखतों तें बाजीराव म्हणून. बापाच्या नांवावरून तो 'बाजीराव बल्लाळ'. त्याचा मुलगा पुन्हां बाळाजी; आणि या दुसऱ्या बाळाजीचा मुलगा 'माधवराव बल्लाळ'. दोन्ही ठिकाणीं शब्द एकच, पण बल्लाळ दोन! जेथें कागदांची वाण नाहीं त्या घराण्याची ही गोष्ट; मग ज्याच्याजवळ दोन जीर्ण चिठोऱ्या आणि आत्याबाईंची आठवण एवढेंच भांडवल, त्याचें काय होत असेल? सनांचें तसेंच. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे सुहूर सन ११७३. त्यांत सहाशें मिळविले कीं झालें, असें समजणारा माणूस माधवराव पेशव्यांचा मृत्यु एका वर्षानें पुढें ढकलतो. सुहूर वर्ष मृगाला बदलतें. मृगापासून डिसेंबरअखेरच्या मितीला ५९९ च मिळवावे लागतात. तसे मिळविले म्हणजे १७७२ चा नोव्हेंबर बरोबर जुळतो. हीं गणितें एकदां बोटांवर बसलीं कीं माणसाच्या बोलण्यांतला 'सुमारें' हा शब्द आपोआप जपून येऊं लागतो.

याहून अवघड धडा असा, कीं वंशावळ कोणी उगाच लिहीत नाहीं. ती कशासाठीं तरी लागते म्हणून लिहिली जाते. जुन्या काळीं वतनाचा तंटा पडला कीं वादी-प्रतिवादी आपापला करीना लिहून देत, आणि त्यांत पिढ्या सांगत. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनच्या हातीं अधिकार आले, तेव्हां इनाम कोणास मिळालें आणि आपण त्याचे वंशज कसे, हें दाखविण्याची पाळी इनामदारांवर आली. त्या धास्तीनें कित्येक घराण्यांनीं आपल्या पिढ्या प्रथमच कागदावर आणल्या. आतां जातीच्या दाखल्यासाठीं वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहावी लागते. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां ठिकठिकाणच्या कचेऱ्यांतील मोडी दप्तरें पुन्हां उघडलीं आणि मोडी वाचणारांचा तुटवडा पडला. असा हेतु असलेला कागद खोटाच असतो असें नाहीं. पण तो ज्याच्या फायद्याचा, त्याच्या बाजूनें थोडा झुकलेला असणार, हें धरून चालावें लागतें. दगडावर कोरलेलें झालें तरी तेंच. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळांतील भोसलेवंशाचा प्रचंड मराठी शिलालेख १८०३ चा. सरफोजी राजांच्या वेळीं आपल्या घराण्याविषयीं काय समजत होते, याचा तो उत्तम पुरावा. पण त्यांत सांगितलेल्या दोन-अडीचशें वर्षांपूर्वींच्या गोष्टींचा तो समकालीन साक्षीदार नव्हे.

इंग्लंडांत हा विवेक आणण्यासाठीं जे. होरेस राऊंडसारख्या विद्वानाला सरदारांच्या कल्पित वंशावळींची निर्दय चिरफाड करावी लागली. त्याचें 'पीअरेज अँड पेडिग्री' १९१० चें. आणि त्याच सालीं पुण्यांत राजवाडे-मेहेंदळ्यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. आपल्याकडे राऊंड झाला नाहीं. पण राजवाड्यांनीं घरोघरच्या माळ्यांवरून रुमाल उतरविले, आणि घरगुती कागदाला इतिहासांत काय किंमत येऊं शकते, हें दाखवून दिलें. रोहिडखोऱ्याच्या जेधे देशमुखांनीं आपल्या घरांत जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनीं उजेडांत आणली, आणि तींतील एका नोंदीमुळें शिवछत्रपतींचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा, हा पक्ष बळकट झाला. एका घराच्या पेटींतल्या कागदानें साऱ्या महाराष्ट्राची तिथि बदलली.

येथवर कुलवृत्तांताचा आणि तो घडविणाऱ्या मंडळांचा गौरव झाला. आतां माझी तक्रार.

वंशावळीचें झाड काढून पाहा. त्याला फांद्या आहेत त्या मुलग्यांच्या. मुलगी झाडावर नसतेच. टिपणांत असली तर एका ओळीची. अमक्या गांवच्या तमक्यांस दिली, एवढें सांगून लेखणी उठते. ज्याला मुलीच झाल्या त्याच्या नांवाखालीं रेघ संपते, आणि क्वचित् 'निर्वंश' असा शब्दहि पडतो. चार मुली आणि पंधरा नातवंडें असलेला गृहस्थ निर्वंश! यांत अन्याय आहे हें तर उघडच. पण माझा आक्षेप केवळ अन्यायाचा नाहीं. यामुळें पुस्तक पुराव्याच्या दृष्टीनेंच लंगडें होतें. 'कशावरून' हा प्रश्न मुलीच्या नांवाशीं येऊन थांबतो.

याचें कारण आपली नांव बदलण्याची चाल. लग्नांत मुलीचें आडनांव बदलतें, बापाच्या नांवाच्या जागीं नवऱ्याचें नांव येतें, आणि कित्येक घरांत तांदुळांत नवें नांव लिहून तिचें पहिलें नांवहि पुसलें जातें. न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नी रमाबाई कुर्लेकरांच्या वंशावळींत शोधाल तर सांपडणार नाहींत. तेथें असेल ती यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशीहि माहेरच्या यमुनाच. त्यांत माहेर-सासर दोन्हीं जोशी, आणि जोशी हें आडनांव तर गोत्रागोत्रांत पसरलेलें. लक्ष्मीबाई टिळक माहेरीं मनकर्णिका गोखले. एकच बाई एका पुस्तकांत एका नांवानें जन्मते आणि तेथेंच नाहींशी होते. दुसऱ्या पुस्तकांत भलत्याच नांवानें, जन्मतिथीवांचून, एकाएकीं उगवते. या दोन ओळी एकाच व्यक्तीच्या आहेत हें ठरविणें हें वंशसंशोधनांतलें खरें कौशल्याचें काम. आणि बहुतेक कुलवृत्तांत ठरलेल्याप्रमाणें हेंच काम टाळून पुढें जातात.

पुरुषाचें नांव बदललें तर असें होत नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ सालीं दत्तक जाऊन बडोद्याचे सयाजीराव झाले. त्यांचें मूळ नांव, जनक पिता, दत्तकाची मिति, सारें नोंदलेलें आहे. लहानसहान घराण्यांतहि दत्तक पुत्र एका झाडावरून तोडून दुसऱ्यावर कसा लावला, तें टिंबांच्या रेघेनें दाखविण्याची पद्धति आहे. कारण त्या रेघेवरून इस्टेट जात होती. म्हणजे नांव आणि कुळ बदललेल्या माणसाचा माग ठेवण्याची विद्या आमच्या लोकांना चांगली अवगत होती. ती मुलींसाठीं वापरली नाहीं, इतकेंच. गंमत अशी, कीं जुन्या कागदांत बाईचें नांव स्पष्ट येतें तें बहुधा तिचा नवरा वारल्यावर. दत्तकपत्रावर तिची निशाणी असते, अन्नवस्त्राच्या दाव्यांत ती वादी असते. सौभाग्यवती असेपर्यंत तिला नांव लागत नव्हतें.

बाया कर्व्यांचें उदाहरण तर कोणत्याहि सांच्याला भारी पडेल. माहेर जोश्यांचें, नांव गोदू. पहिलें सासर नातूंचें, तेथें वैधव्य. मग १८९३ सालीं अण्णासाहेब कर्व्यांशीं पुनर्विवाह आणि नांव आनंदी. एका आयुष्याचे तीन कुळांशीं संबंध. त्यांच्या नोंदी कोणत्या कुळानें कशा कराव्या? ज्या काळीं या विवाहानें कर्व्यांवर गांवाचा बहिष्कार पडला, त्या काळच्या लेखणीनें येथें अडखळावें हें समजतें. पुनर्विवाह, धर्मांतर, आंतरजातीय लग्न, घटस्फोट यांपाशीं ती लेखणी अजूनहि कोठकोठें अडखळते, आणि मग 'माहिती उपलब्ध नाहीं' हें सोज्वळ वाक्य येतें. माहिती असते, उपलब्ध करावयाची नसते.

यावर मंडळांतले कार्यकर्ते जें उत्तर देतात तें अगदींच टाकाऊ नाहीं. ते म्हणतात, पुस्तक कुळाचें आहे. लेक दुसऱ्या कुळांत गेली, तिचा वंश त्या पुस्तकांत येईल. आम्ही घेतला तर पानें दुप्पट होतील आणि एकच माणूस दोनदां छापला जाईल. पानांची अडचण मला मान्य आहे. परंतु दुसऱ्या कुळाचें पुस्तक निघालेलेंच नसतें तेव्हां काय? कुलवृत्तांत निघाले ते बहुतेक लिहित्या-वाचत्या, वर्गणी देऊं शकणाऱ्या कुळांचे. बाकीच्यांच्या पिढ्या कोल्हापूर-सांगलीकडे हेळव्याच्या वहींत आणि तोंडांत, कोठें भाटाजवळ, कोठें नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या बह्यांत. शिवाय 'दुसरें कुळ' ही भाषा आतां कायद्याचीहि राहिलेली नाहीं. महाराष्ट्रांत १९९४ सालीं आणि साऱ्या देशांत २००५ सालीं झालेल्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबांत मुलगी जन्मतः सहदायाद झाली. सात-बाराच्या उताऱ्यावर जिचें नांव वारस म्हणून चढतें, ती वंशावळींत कां चढूं नये, याचें उत्तर पानांच्या हिशेबांतून निघणार नाहीं.

आणि खरा तोटा तर पुढेंच आहे. घराण्याचा पुरावा पुष्कळदां लेकींच्या घरीं असतो. मुलग्याच्या घरीं वाटण्या झाल्या, वाडा विकला, दप्तर वाळवीनें खाल्लें. पण आईचीं पत्रें, भावाचा मुंजीचा फोटो, बापाच्या हातची एखादी वही लेकीनें सासरीं नेऊन ट्रंकेच्या तळाशीं जपलेली असते. आपल्याकडे भांड्यांवर नांव घालण्याची चाल आहे. तांब्या, परात, घंगाळ, समई यांवर कोणी, कोणाला, कोणत्या निमित्तानें आणि कोणत्या तारखेला दिलें, तें टांचणीच्या ठिपक्यांनीं कोरलेलें असतें. इतिहासकारांनीं ताम्रपटांचे खंडच्या खंड छापले. घरांतले हे ताम्रपट मोडींत जातात. एका पितळी डब्यावर माहेरचें नांव, सासरचें नांव, मामाचें गांव आणि लग्नाचें साल इतकें एकत्र मिळूं शकतें. यापरता बळकट पुरावा कोणत्या कचेरींत मिळणार? पण वंशावळीच्या फांद्या मुलग्यांच्याच असल्यामुळें मंडळाचीं छापील माहितीपत्रकें जातात तीं मुलग्यांच्या पत्त्यावर. लेकीला कोणी विचारीतच नाहीं, आणि मग मंडळाचे लोक म्हणतात, जुन्या पिढ्यांचें कांहीं सांपडत नाहीं!

तीर्थोपाध्यायांच्या बह्यांत तरी यात्रेकरूच्या सोबत आलेल्या मातोश्रींचें किंवा पत्नीचें नांव कधीं कधीं मिळून जातें. आमच्या छापील ग्रंथापेक्षां त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायाची लांबट वही या एका बाबतींत उदार ठरावी, हें थोडें लाजिरवाणें आहे.

आतां वाङ्मयाच्या बाजूनें एक शब्द. कुलवृत्तांत नीरस होतो तो तारखांमुळें नव्हे. नांव, शिक्षण, हुद्दा आणि निवृत्ति यांपलीकडे माणसाजवळ सांगण्यासारखें कांहीं असतें, असें त्याच्या लेखकास वाटत नाहीं म्हणून. उलट मराठींत घरांचा इतिहास म्हणून जें खरोखर वाचनीय लिहिलें गेलें, तें पुष्कळसें ज्यांना झाडावर फांदी मिळाली नाहीं त्यांनीं लिहिलें आहे. रमाबाईंचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' १९१० चें, लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागशः निघालीं, बाया कर्व्यांचें 'माझें पुराण' १९४४ चें. सोंवळ्यानें पछाडलेला बाप, शिकूं पाहणाऱ्या सुनेला टोचून बोलणारीं घरांतलीं बायकामाणसें, केशवपनाची टांगती भीति, उधारीवर चाललेला संसार, हें सारें तेथें नांवागांवासह आहे. चरित्रनायकाच्या मोठेपणाला बाध न आणतां त्याचा हट्टी स्वभावहि तेथें दिसतो. कुलवृत्तांतकारांनीं या ग्रंथांचें अनुकरण करावें असें मी म्हणत नाहीं. सर्वांनाच तें साधत नसतें, आणि साध्या तारखा देणारा माणूस खोट्या अलंकारांनीं नटणाऱ्यापेक्षां केव्हांहि बरा. पण घर म्हणजे काय काय असतें हें त्यांनीं या पुस्तकांवरून एकदां पाहावें, आणि मग आपलें माहितीपत्रक पुन्हां वाचावें. त्यांत 'पत्नीचें नांव' एवढा एकच रकाना असतो. किमान चार हवेत: जन्मनांव, माहेरचें आडनांव व गांव, लग्नानंतरचें नांव, आणि ही माहिती कोणी केव्हां सांगितली तें.

बऱ्याच कुळांच्या जुन्या आवृत्त्या संपल्या आहेत, आणि नव्या काढण्याची खटपट ठिकठिकाणीं चालू आहे. त्या संपादकांपुढें मी एक लहानशी मागणी ठेवतों. लेकींचे सारे वंश छापणें परवडत नसेल तर छापूं नयेत. पण शेवटीं दोन सूचि द्याव्या. एक, कुळांतील मुलींची, जन्मनांवाप्रमाणें, पुढें सासरचें नांव व गांव. दुसरी, कुळांत आलेल्या सुनांची, सासरच्या नांवाप्रमाणें, पुढें माहेरचें नांव. पुनर्विवाह झाला असेल तर दोन्ही सासरें लिहावीं. घरांतून विरोध झाला तर विरोध करणाराला तें पान वगळून पाहिजे तर प्रत बांधून द्यावी, मूळ ग्रंथांतून काढूं नये. जिवंत व्यक्तींची संमति घ्यावी हें सांगायला नकोच. एका कुळाची पहिली सूचि आणि दुसऱ्याची दुसरी समोरासमोर ठेवली, कीं आज दोन पुस्तकांत तुटून पडलेल्या ओळी जुळूं लागतील. सूचि करणाराचें काम यानें वाढेल, छपाईचा खर्च वाढेल, आणि पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर चुका दाखविणारीं पत्रें नेहमींपेक्षां दुप्पट येतील; त्यांतलीं निम्मीं बायकांच्या हातचीं असतील.